किल्ली आणि डिपॉझिट एकाच बैठकीत : कोकणात भाड्याचे घर सोडताना

डिपॉझिट अडकण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हिशोब व्हायच्या आधीच दिलेली किल्ली. सामान टेम्पोत चढलेले असते, पाऊस तोंडावर असतो, मालक मुंबईला असतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली जाते आणि फोनवर ठरते की पैसे आठवड्याभरात टाकतो. मग फोन केला की उत्तर येते, “गणपतीक येतलंय, तेव्हा बघूया.” गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते, त्यामुळे विषय शिमग्यावर जातो. तोवर त्या घरात दुसरे कुणी राहायला आलेले असते आणि भिंतीवरचा डाग नेमका कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पुढची सगळी तयारी एका तासासाठी आहे. त्या तासात घर पाहून व्हावे, कपात ठरावी, पैसे खात्यात यावेत आणि मग किल्ली हातातून जावी. तयारीला साधारण दीड महिना धरा.

आधी करारनामा काढा

नोटीस द्यायच्या आधी करारनाम्यातली चार कलमे शोधा: लॉक-इन (ज्या मुदतीच्या आत घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा आहे, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी आणि कशा पद्धतीने परत, आणि रंगाचे काय. अकरा महिन्यांच्या करारात सहसा एक महिन्याची नोटीस असते. लॉक-इन संपायच्या आत घर सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे कापण्याचे कलम असू शकते. रंगाचे कलम दोन प्रकारचे दिसते. “घर मूळ स्थितीत, नैसर्गिक झीज वगळून, परत करणे” हे तुमच्या बाजूचे आहे. “घर सोडताना रंगापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल” असे स्पष्ट लिहून त्यावर सही केली असेल, तर तिथे फार ताणू नका. घासाघीस करायची तर रकमेवर करा.

परताव्याच्या कलमात “ताबा मिळताच” की “ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत” हे नीट वाचा. तीस दिवस लिहिले असतील तर एका बैठकीत पैसे मागण्याचा हक्क कागदावर उरत नाही, पण विनंती करायला हरकत नाही. बहुतेक मालक कपातीचा आकडा जागेवर ठरला तर पैसेही जागेवर देतात. अडते ते आकडा ठरत नाही तिथे.

डिपॉझिटची खरी रक्कम करारात आहे का, हेही पाहा. मुद्रांक शुल्क वाचवायचे म्हणून करारात कमी आकडा टाकायची खोड सगळीकडे आहे, आणि तिला हिशोबाचा काडीचा आधार नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायचा परवाना देणारा करार) मुद्रांक शुल्क पाव टक्का लागते. परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेवढी रक्कम भाड्यात मिळवतात. म्हणजे ४०,००० रुपये डिपॉझिटचे अकरा महिन्यांचे मानीव व्याज सुमारे ३,६६७ रुपये आणि त्यावर पाव टक्का म्हणजे नऊ रुपये. एवढ्यासाठी चाळीस हजारांचा पुरावा घालवला जातो. पुढच्या घरी जाताना हे लक्षात असू द्या. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये आहे, तेही एकदाच.

करार नोंदवलेला नसेल तर

कोकणात गावठाणातली कित्येक घरे तोंडी बोलीवर किंवा स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेली असतात. तेवढ्याने धीर सोडायचे कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात भाडेकरूच्या कामाची आणखी एक तरतूद आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवायचे काम मालकाकडे जाते. हे कलम भांडणात तोंडावर फेकू नका. मालकाने “डिपॉझिट? कसलं डिपॉझिट?” म्हटले, तर नोटिशीत वापरायला राखून ठेवा.

तोंडी व्यवहारात पैसे दिल्याचा पुरावा मात्र लागतो. यूपीआयची नोंद असेल तर प्रश्नच नाही. रोख दिले असतील तर त्या दिवशी बँकेतून काढल्याची पासबुकातली नोंद शोधा. आणि नोटीस देताना मेसेजमध्ये रक्कम आवर्जून लिहा. समोरून “ठीक आहे” आले तरी ती रकमेची कबुली होते. वाद सुरू झाल्यावर अशी कबुली मिळत नाही, म्हणून ती आधी घ्यायची.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो. तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो. मालकाला तो दाखवून उपयोग नाही.

नोटीस, आणि महिना कोणता निवडावा

नोटीस लेखी द्या. व्हॉट्सॲप चालेल, पण त्यावर साध्या कागदाचा सही केलेला फोटोही टाका. मजकूर एवढाच:

“सौ./श्री. ____ यांस, आपल्या ____ येथील घरात आम्ही दि. ____ पासून राहत आहोत. करारातील अटीप्रमाणे एक महिन्याची सूचना देऊन आम्ही दि. ____ रोजी घर रिकामे करत आहोत. आपल्याकडे आमचे डिपॉझिट रु. ४०,००० जमा आहे. दि. ____ च्या सुमारास घराची एकत्र पाहणी करावी आणि ताब्याच्या दिवशी हिशोब पूर्ण करावा, ही विनंती.”

शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर यांच्या बदल्या मे-जूनमध्ये होतात, त्यामुळे घरेही तेव्हाच सुटतात. शक्य असेल तर ताबा मे महिन्यात द्या. मालक गावी आलेला असतो, भिंती कोरड्या असतात, रंगारी मिळतो आणि रंगाचा आकडा तिथल्या तिथे ठरतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर भिंत ओली असते, रंग धरत नाही आणि “पाऊस गेल्यावर रंग देऊ, मग हिशोब करू” हे मालकाचे म्हणणे अगदीच चूक नसते. पावसाळ्यात सोडणे अटळ असेल, तर रंगाऱ्याकडून लेखी अंदाज आधी घेऊन ठेवा आणि कपात त्या अंदाजावर ठरवा. प्रत्यक्ष काम ऑक्टोबरात होवो.

शेवटच्या महिन्याचे भाडे न देता “डिपॉझिटमधून वळते करा” असे परस्पर ठरवू नका. करार मोडल्याचा शिक्का तुमच्यावर बसतो आणि मग मालक रंग, नळ, दारे अशा सगळ्याच तक्रारी काढतो. मालक लेखी ‘हो’ म्हणत असेल तर मात्र हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ८,००० भाडे आणि ४०,००० डिपॉझिट असेल तर दोन महिन्यांचे भाडे वळते केल्यावर अडकू शकणारी रक्कम चोवीस हजारांवर येते. मालकाकडे रोकड नसेल तेव्हा हा पर्याय तुम्हीच सुचवा.

उलट टोकाची चूक म्हणजे “डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही”. परवान्याची मुदत संपल्यावर राहिल्यास १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. ठरलेल्या दिवशी ताबा द्यायला तयार आहोत, हे लेखी असले पाहिजे.

झीज कुठली आणि नुकसान कुठले

बहुतेक वाद इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधले कलम १०८ भाडेपट्ट्यासाठी आहे, पण त्यातले तत्त्व सगळीकडे वापरले जाते: रास्त वापराने होणारी झीज आणि कुणाच्या हाती नसलेली आपत्ती भाडेकरूच्या खात्यात टाकायची नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे ठरवणे सोपे असते. कोकणात चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा यांचा वाटा वेगळा काढावा लागतो.

ओल आधी घ्या. ती कुठे आहे यावरून कारण कळते. जमिनीपासून हात-दीड हात वर चढलेली, खालून पापुद्रे सुटलेली ओल जोत्यातून येते. चिरेबंदी जुन्या घरांत ती असतेच आणि ते बांधकामाचे काम आहे. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरलेला पिवळट ओघळ गळतीचा. नैर्ऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतीवर संपूर्ण पट्टा काळवंडला असेल तर ती झड. बाहेरून झापे (विणलेल्या झावळ्या) किंवा पत्रा लावणे मालकाचे, पण पावसाळाभर खिडकी उघडी ठेवून झड आत घेतली असेल तर ते तुमचे. राहिली ती बुरशी. कपाटामागे, गादीच्या मागे, पावसाळ्यात कपडे वाळत घातलेल्या खोलीत येणारे काळे ठिपके हवा न खेळल्याने येतात. ते पुसून देणे तुमच्याकडे.

वाद मिटत नसेल तर एक साधी चाचणी आहे. ओलसर जागी वीतभर ॲल्युमिनियम फॉईल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. फॉईलच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ते खोलीतल्या दमट हवेचे. दोन्हींचे फोटो ठेवा. सगळा पाऊस थांबल्यावर, मार्चमध्ये, ही चाचणी करून काही कळत नाही. ओल दिसते तेव्हाच करायची.

गंज हा किनाऱ्यावरचा रोजचा पाहुणा. समुद्रापासून हाकेवर असलेल्या घरात खिडकीचे ग्रिल, पत्र्याचे कडी-कोयंडे, पंख्याचे पाते, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी यांना गंज चढतो, तो तुम्ही काही न करता चढतो. ती झीज. पण एसी वर्षानुवर्षे सर्व्हिसिंगविना चालवला असेल आणि करारात सर्व्हिसिंग भाडेकरूकडे असेल, तर मालकाचे म्हणणे बरोबर ठरते.

कौले फुटणे: वानरांनी उड्या मारून फोडलेली, वरून झावळ किंवा नारळ पडून फुटलेली कौले भाडेकरूच्या माथी मारता येत नाहीत. पावसाआधी कौले परतून घेणे हे घरमालकाचे काम आहे. डिशचा अँटेना बसवायला तुम्ही माणूस छपरावर चढवला आणि त्याच्या पायाखाली चार कौले गेली, तर ती भरून द्या. दार पावसात फुगून घासत असेल तर ती लाकडाची चाल. दाराला ठोकलेला आरसा काढताना फळी फाटली तर नुकसान. वाळवीचे थोडे निराळे आहे. चौकटीवर मातीच्या नळ्या दिसल्या त्या दिवशीच मालकाला फोटो पाठवलेला असेल, तर पुढची जबाबदारी त्याची. वर्षभर बघून गप्प बसलात तर चौकट पोखरल्याचा दोष निम्मा तुमच्याकडे येतो.

पूर आणि वादळ यांची कपात होत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले किंवा ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनच्या बाजूला छपरे उडवली, तशा घटनेत मोडलेल्या दरवाजाचे पैसे भाडेकरूकडून मागता येत नाहीत. त्या वेळचा तलाठ्याचा पंचनामा असेल तर त्याची प्रत जपा. घरातल्या वस्तूंसाठी तुम्ही आणि बांधकामासाठी मालक, असे दोन वेगळे पंचनामे असू शकतात.

ताब्याआधीचे पंधरा दिवस

पहिली एकत्र पाहणी ताब्याच्या दोन आठवडे आधी करा. मालक येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर. त्याने बोट दाखवलेली प्रत्येक गोष्ट लिहून त्याच दिवशी मेसेज करा: “आज पाहणीत आपण सांगितलेल्या गोष्टी: १. न्हाणीचा नळ गळतो, २. हॉलमधले सहा खिळे, ३. स्वयंपाकघरातील फळीचा बिजागर. याव्यतिरिक्त काही असल्यास दोन दिवसांत कळवावे.” शेवटचे वाक्य विसरू नका. पुढे नवी यादी निघाली तर तेच उपयोगी पडते.

मग स्वस्तातल्या गोष्टी स्वतः करून घ्या, कारण मालक तेच काम प्लंबर आणि सुतार बोलावून करून घेतो आणि त्यांच्या फेऱ्यांचे पैसे धरतो. नळाचा वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो, त्यासाठी प्लंबरची फेरी कित्येक पटींनी पडते. खिळे उपटून भोके वॉल पुट्टीने भरा, वाळल्यावर १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्यावर ठिगळासारखा नवा रंग मात्र लावू नका. जुन्या रंगावर नवा हात उठून दिसतो आणि मालकाला अख्खी भिंत दाखवायला निमित्त मिळते. एक तर पूर्ण भिंत रंगवा, नाहीतर पुट्टीवर थांबा.

बुरशीसाठी एक लिटर पाण्यात सुमारे ६० मिली, म्हणजे साधारण चार मोठे चमचे, ब्लीचचे द्रावण घाला. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, स्पंजने लावा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचे लिक्विड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. पावडर सुटणाऱ्या चुन्याच्या भिंतीवर हे चालत नाही, तिथे कोरडा ब्रश फिरवून चुन्याचा एक हात द्या.

फरशीवर ॲसिड टाकून “चकाचक” करण्याचा मोह टाळा. मोझॅकचा आणि कडप्प्याचा तुळतुळीतपणा जातो आणि वाफेने जवळचे स्टीलचे नळ काळे पडतात. विहिरीच्या लोहयुक्त पाण्याचे तांबूस डाग बेसिनवर असतील तर लिंबू किंवा व्हिनेगर अर्धा तास ठेवून घासा. जेवढे निघतील तेवढे निघतील, उरलेले पाण्याचे आहेत.

परसू (मागचे आवार) आणि खळे (पुढचे अंगण) विसरले जाते. वाढलेले गवत, नारळाची सोडणे (वरची साले), तुटकी कुंडी, गोठ्यात ठेवलेले खोके. माणूस लावून ते साफ करायला मालकाला एक दिवसाची मजुरी जाते आणि ती कापली तर तक्रार करता येत नाही. सेप्टिक टँक भरला असेल तर तो कुणी उपसायचा हे करारात पाहा. काही लिहिले नसेल तर वर्षा-दोन वर्षांच्या वापरासाठी पूर्ण खर्च तुमच्यावर टाकणे अवाजवी आहे.

बिले: डिपॉझिट रोखून धरायचे नेहमीचे निमित्त

“शेवटचे लाइट बिल येऊ दे” यात सहज महिना जातो. ते तिथल्या तिथे संपवता येते. ताब्याच्या दिवशी मीटरचा फोटो घ्या, त्यात मीटर क्रमांक आणि केडब्ल्यूएच (युनिटचा) आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. समजा मागच्या बिलावरचे वाचन ४७३७ आहे आणि आज ४८१२. वापर ७५ युनिट. मागचे बिल १२० युनिटचे १,०८० रुपये आले होते, म्हणजे स्थिर आकार धरून युनिटला नऊ रुपये. ७५ × ९ = ६७५. सातशे धरा आणि विषय मिटवा. पंचवीस रुपयांचा फरक महिनाभराच्या वाटेपेक्षा स्वस्त पडतो.

आता एक गोष्ट जी भाडेकरू हमखास विसरतात. महावितरण आर्थिक वर्ष संपल्यावर वाढीव सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल पाठवते. भाडेकरू ते नेहमीच्या बिलाबरोबर भरून टाकतो. ते पैसे वीज वापराचे नसतात. ते वीज ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या, नावावर ठेव म्हणून जमा राहतात. दोन-तीन वर्षे राहिला असाल तर जुनी बिले चाळा, ही रक्कम हजार-दोन हजारांच्या घरात निघू शकते आणि ती हिशोबात तुमच्या बाजूला लिहायची.

पाणीपट्टी ग्रामपंचायतीकडे बहुधा वर्षाची एकदम भरतात, तेव्हा राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात द्या. घरपट्टी, करारात वेगळे नसेल तर, मालकाची.

ताब्याचा दिवस

सामान गेल्यावर, झाडून घेतल्यावर, दिवसाच्या उजेडात घराचा एकसलग व्हिडिओ काढा. गेटपासून सुरुवात करा, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, नळ सोडून-बंद करून, दिवे-पंखे लावून-घालवून, शेवटी मीटर. मध्ये रेकॉर्डिंग तोडू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ दबून फुटतो, म्हणून मूळ फाइल फोनमध्ये आणि दुसरीकडे एकेक ठेवा.

मालक मुंबईत असेल तर ताबा कोण घेणार, हे त्याने लेखी कळवले पाहिजे: “माझ्या वतीने माझे चुलत भाऊ ____ ताबा घेतील आणि हिशोब ठरवतील.” ‘हिशोब ठरवतील’ हे शब्द नसतील तर भाऊ किल्ली घेतो आणि पैशाचे दादाला विचारा म्हणतो. समाईक घर असेल, दोन भावांत वाद असेल, तर ज्याने करारावर सही केली आणि ज्याच्या खात्यात डिपॉझिट गेले त्याच्याशीच व्यवहार करा. एजंट मधे असला तरी पैसे मालकाकडे आहेत. मधल्या काळात घर विकले गेले असेल, तर डिपॉझिट कुणाकडे आहे ते जुन्या-नव्या दोन्ही मालकांकडून लिहून घ्या.

पैसे यूपीआयने येणार असतील तर आदल्या आठवड्यात मालकाला एक रुपया पाठवायला सांगा. नव्याने जोडलेल्या खात्यावर बऱ्याच बँका पहिले चोवीस तास कमी मर्यादा ठेवतात आणि ऐन वेळी “जात नाहीत हो” होते.

ताबा पावतीच्या दोन प्रती हाताने लिहिल्या तरी चालतात:

“ताबा पावती. दि. ____, वेळ ____. मौजे ____, ता. ____, जि. ____ येथील घर क्र. ____ चा रिकामा ताबा ____ यांनी घरमालक ____ यांना आज दिला व त्यांनी घेतला. घराची पाहणी दोघांनी मिळून केली. किल्ल्या: पुढील दार २, मागील दार १, गेट १. वीज मीटर वाचन ____. जमा डिपॉझिट रु. ____. मान्य कपात: वीज रु. ____, दुरुस्ती रु. ____ (तपशील). परत देय रु. ____. पैकी आज मिळाले रु. ____, व्यवहार क्र. ____. शिल्लक रु. ____ दि. ____ पर्यंत खात्यात जमा केली जाईल. सह्या, दोन साक्षीदार.”

“आता काही देणे-घेणे उरले नाही” हे वाक्य संपूर्ण पैसे खात्यात दिसल्यावरच घाला. रोख पाच हजारांहून जास्त मिळाली आणि मालकाने पावती मागितली, तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून सही करा. पैसे देत नाहीत आणि ताबा तर द्यायचाच आहे, अशी वेळ आली तर पावतीत “डिपॉझिट अद्याप मिळालेले नाही” एवढे लिहून घ्या. सहीला नकार दिला तर किल्ल्यांचा फोटो, व्हिडिओ आणि “आज अमुक वाजता ताबा दिला, डिपॉझिट येणे आहे” हा मेसेज तिथूनच पाठवा.

कपातीचा आकडा

मालक सांगेल तो आकडा खाली आणायची रीत अशी: खर्च किती, त्या वस्तूचे आयुष्य किती, त्यातले किती उरले होते. आतला साधा रंग चार वर्षांचा धरा. तुमच्या मुलांनी खडूने एक खोली रंगवली, तिला रंग द्यायला ६,००० लागतात, आणि घर घेतले तेव्हा रंग ताजा होता, तुम्ही तीन वर्षे राहिलात. उरलेले आयुष्य एक चतुर्थांश, म्हणजे १,५०० रुपये. पूर्ण सहा हजार घेतले तर मालकाला तुमच्या पैशांत नवा रंग मिळतो. हे तत्त्व भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ आणि ७४ शी जुळते: भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरती आणि वाजवी. प्रत्येक कपातीला कच्चे का होईना बिल किंवा अंदाजपत्रक मागा. “ढोबळ दहा हजार” ही कपात नसते.

आणि थोडे सोडायलाही शिका. दोन हजारांच्या मतभेदासाठी अडतीस हजार लटकवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

तरीही दिले नाहीत तर

पहिले पंधरा दिवस मेसेज आणि फोन. फोनवर बोललेले लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा. त्यानंतर स्वतःच्या सहीचे मागणीपत्र स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा. त्यात रक्कम, ताब्याची तारीख, पंधरा दिवसांची मुदत आणि “मुदतीनंतर व्याज मागू” हे लिहा. व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, म्हणून ती तारीख लवकर पडलेली बरी. पाकीट “घेण्यास नकार” शेऱ्याने परत आले तर न फोडता ठेवा. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असेच धरले जाते.

वकिलाची नोटीस हा पुढचा टप्पा, आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. गावात वकिलाचे पाकीट पोस्टमन घेऊन येतो हे शेजाऱ्यांना कळते, त्याचाही परिणाम असतो.

पोलीस ठाण्यात जाऊन उपयोग होत नाही. हा दिवाणी वाद आहे. मालकाने तुमचे सामान अडवले किंवा धमकावले तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा. जिल्हा न्यायालये रत्नागिरीत, सिंधुदुर्गसाठी ओरोसला आणि रायगडसाठी अलिबागला आहेत. कोर्ट फी लागत नाही, साधा अर्ज आणि कागदांच्या प्रती पुरतात. मालकाला बोलावणे जाते आणि समझोता झाला तर तो लोकअदालतीत नोंदवता येतो. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि उत्पन्न मर्यादेत बसणारे अर्जदार यांना वकीलही मोफत मिळतो.

तिथे मालक आलाच नाही तर तालुक्याचे दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दाव्याचा पर्याय वकिलाशी बोलून पाहा. त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. मेसेज आणि व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे ते ज्या फोनवर आहेत त्याबाबतचे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून जुना फोन विकू नका.

दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. मधे मालकाने काही रक्कम दिली तर घ्या, पण “डिपॉझिटपोटी रु. ५,००० मिळाले, उर्वरित रु. ३३,००० येणे” असा मेसेज त्याच दिवशी करा आणि त्याचे उत्तर मिळवा. मालकाने लेखी मान्य केलेल्या अंशतः फेडीने मुदत नव्याने मोजली जाते. धनादेश दिला तर तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. तो परत आला तर बँकेचा मेमो (धनादेश न वटल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मालकाला पंधरा दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची तक्रार. यातली एकही तारीख चुकली तर तो मार्ग बहुधा बंद होतो, म्हणून मेमो हातात पडला त्याच दिवशी कॅलेंडरवर तिन्ही तारखा लिहा.